सासूबाईंचा सिद्धांत

सासू-सुनेची भांडणं मिठावरून होतात, लेकावरून होतात, गॅस कोणी चालू ठेवला यावरून होतात. आमचं होणार होतं ते माणसाच्या नाडीवरून. निदान त्या सकाळी तरी मला तसंच वाटलं. विभागात आम्ही टेबलाभोवती बसलो होतो, प्रमुख हातातल्या कागदावरून लाल गट कुठला आणि निळा कुठला ते वाचून दाखवणार होते.

आधी थोडं सांगते, नाहीतर घोळ होईल.

माझ्या सासूबाई मानसशास्त्राच्या. नुसत्या शिकवणाऱ्या नव्हेत, चांगल्या सिद्धांतवाल्या. तरुणपणी एका लहानशा हॉस्पिटलात, ऑपरेशन थिएटरच्या बाहेरच्या खोलीत, आत जायची वाट पाहणाऱ्या माणसांवर त्यांनी प्रयोग केला. निम्म्या माणसांशेजारी बसून त्या बोलल्या आणि निम्म्यांना एकटं राहू दिलं. ज्यांच्याशी बोलल्या त्यांची नाडी आत जाईपर्यंत शांत झालेली असे. त्यावरून त्यांनी मांडलं की भीतीला शब्द दिले की भीती लहान होते. निबंध गाजला. पाठ्यपुस्तकांत गेला, परीक्षेत त्यावर प्रश्न येऊ लागला. मीही कॉलेजात त्यावर घसघशीत उत्तर लिहून मार्क मिळवले आणि पुढे त्याच बाईंच्या लेकाशी लग्न केलं. नवरा म्हणतो, तू सिद्धांताशीच लग्न केलंस, मी त्यावर फुकट मिळालो.

शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलाने तर या सिद्धांताची योजनाच केली होती. वॉर्डावॉर्डात पोस्टर लागलं होतं, 'भीती बोला, भीती घालवा'. ऑपरेशनच्या आधी नर्स खाटेजवळ येई आणि हातातल्या कार्डावरचा प्रश्न विचारी. नव्या नर्सना शिकवायला सासूबाई अधूनमधून तिथल्या सभागृहात जात. त्या परत आल्या की घरात दोन दिवस प्रसन्न वातावरण असे.

आणि माझं काम काय, तर जुने सिद्धांत पुन्हा तपासून बघायचे. आमच्या प्रमुखांना सगळे पाठीमागे 'चाळणी' म्हणतात, कारण त्यांच्यातून खडा सुटत नाही. ते म्हणतात, "सिद्धांत म्हणजे जावई नव्हे, की त्याचे लाड करायचे. सुनेसारखा रोज कामाला लावायचा असतो." हे ते माझ्यासमोर म्हणतात, आणि मी रोखून बघितलं तरी त्यांच्यावर काही परिणाम होत नाही.

सासूबाईंच्या सिद्धांताची पाळी आली तेव्हा मी म्हटलं, मला यातून काढा. ते म्हणाले, "काढलं तर लोक म्हणतील, सुनेला बाजूला सारून सासूला पाडलं. ठेवलं तर म्हणतील, सुनेने वाचवलं. बोलणी दोन्हीकडून खायचीच आहेत, तर निदान कामाचं माणूस तरी जवळ असू दे." एक अट घातली. काम संपेपर्यंत घरात या विषयावर अवाक्षर काढायचं नाही. ना त्यांनी मला सांगायचं, ना मी त्यांना विचारायचं.

सासूबाईंनी अट ऐकली आणि म्हणाल्या, "योग्यच आहे." त्यानंतर वर्षभर आम्ही जेवताना शेजाऱ्यांच्या कुत्र्यावर बोललो. त्या कुत्र्याबद्दल आम्हाला जितकं माहीत आहे तितकं त्याच्या मालकालाही नसेल.

तपासणी सोपी होती. तशीच थिएटरबाहेरची खोली. निम्म्या पेशंटना त्यांची भीती विचारायची, निम्म्यांशी इकडच्यातिकडच्या गप्पा मारायच्या, म्हणजे कोणी एकटं पडायला नको. बोटाला चिमटा लावून नाडी मोजायची. मोजलेले आकडे आमच्यासमोर आले ते नुसते लाल गट आणि निळा गट म्हणून. कुठला गट भीतीचा आणि कुठला गप्पांचा, हे हिशोब पुरा होईपर्यंत कोणाला कळू द्यायचं नाही. मन झुकलं की हातही झुकतो, म्हणून ही काळजी. एका रंगाची नाडी जराशी उतरली होती, दुसऱ्या रंगाची वाढली होती. मी आदल्या दिवसापासून मनात म्हणत होते, उतरलेली भीतीची असू दे. देवा, उतरलेली भीतीची असू दे.

"निळा म्हणजे गप्पा," चाळणी म्हणाले. "लाल म्हणजे भीती."

वाढली होती ती लाल.

"काहीतरी चुकलंय," मी म्हटलं. "पुन्हा करू या."

हिशोब पुन्हा केला. विभागातल्या दुसऱ्या मुलीकडूनही वेगळा करून घेतला. तेच आलं.

"सर, हॉस्पिटलात हाच प्रश्न विचारतात. रोज सकाळी."

"माहीत आहे. म्हणून बाईंना ताबडतोब सांगायला हवं. ज्याचा सिद्धांत त्याला पहिल्यांदा सांगायचं, हा आपला नियम. मी फोन करतो."

"नको," मी म्हटलं. "मी सांगते."

हे शौर्य नव्हतं. फोनवर ऐकून त्या स्वयंपाकघरात येतील आणि माझ्याशी काही न बोलता चहा टाकतील, हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि ते मला सहन झालं नाही. मला त्या मोडतील याची भीती वाटत होती. आणि त्या मोडणार नाहीत, मलाच मोडून ठेवतील, याचीही.

रविवारी सकाळी त्या मटार सोलत बसल्या होत्या. नवरा समोर बसून सोललेले दाणे खात होता. त्याला मी आधीच सांगितलं होतं, आणि त्याने जाहीर केलं होतं की तो आईच्या बाजूने नाही, बायकोच्याही नाही, मटारांच्या बाजूने आहे.

"आई, तपासणीचा निकाल लागला."

त्यांचे हात चालूच होते. "बरं. मग?"

"नाही निघालं."

"काय नाही निघालं?"

"नाडी शांत झाली नाही. उलट वाढली. थोडीच, पण वाढली. नुसत्या गप्पा मारल्या त्यांची नाही वाढली."

त्यांनी माणसं किती होती ते विचारलं. मी सांगितलं. त्यांच्या प्रयोगात होती त्याच्या कितीतरी पट. चिमटा नीट बसवला होता का, विचारलं. खोली कुठली, विचारलं. परीक्षेला बसल्यासारखी मी उत्तरं देत होते.

"विचारायला कोण होतं? पोरंटोरं?"

"शिकवून तयार केलेली माणसं, आई. त्यांत मीही होते."

"तू?" आता त्यांनी मान वर केली. "तू विचारायचीस? मग विचार बघू मला. मी पेशंट. आत्ता मला आत नेणार आहेत."

मी समोर खुर्ची घेतली, आम्हाला शिकवलं होतं तसा आवाज मऊ केला आणि म्हटलं, "तुम्हाला कशाची भीती वाटते? मनात असेल ते मोकळेपणी सांगा."

"अगं, असं कोणी विचारतं का!" त्या चिडल्याच. "माणूस आधीच अर्धा मेलेला, त्यात तू त्याला भीती दाखवतेस? आणि अशी समोर काय बसलीस फौजदारासारखी? इकडे ये. असं बाजूला बसायचं. त्याच्याकडे फार बघायचं नाही. आणि सहज म्हणायचं, कशाची काळजी लागलीय?"

आणि त्या थांबल्या.

नवऱ्याचंही खाणं थांबलं.

"आई," मी म्हटलं, "तुम्ही काळजी म्हणालात."

"हो. मग?"

"निबंधात भीती आहे. नावात भीती आहे. पोस्टरवर भीती आहे. नर्सच्या कार्डावर भीती आहे."

"लिहिताना भीतीच लिहिणार ना!" त्यांचा आवाज चढला. "काळजी हा काय शास्त्रातला शब्द आहे? दूध उतू जाईल याची काळजी, पोरगं वेळेवर घरी येईल का याची काळजी. त्यावर माझा निबंध कोण छापणार होतं? भीती म्हटलं की माणसं सावरून बसतात. आणि मला दोन्ही एकच वाटलं. विचारताना तोंडात एक येई, लिहिताना हातात दुसरा येई. माझं कधी लक्षच गेलं नाही."

"एकच कसे असतील?" मटारांचा पक्ष सोडून नवरा मध्येच म्हणाला. "निघताना आपण 'काळजी घे' म्हणतो. 'भीती घे' असं म्हणतं का कोणी?"

सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. लेकाकडून त्यांना काही शिकायला मिळेल अशी त्यांची अपेक्षा नव्हती. खरं तर माझीही नव्हती.

"लोक काय सांगायचे तुम्हाला?" मी विचारलं.

"काय सांगायचे…" त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. "एक बाई म्हणाली होती, शेजारणीकडे किल्ली दिलीय, पण खालचं कुलूप अडकतं ते सांगायचं राहिलं. एकाचे वडील बहिरे होते, दार वाजलेलं त्यांना कळायचं नाही. एकाच्या मुलीची परीक्षा. मरणाचं कोणी बोलायचंच नाही गं. मला वाटायचं, मरणाची भीतीच अशी आडवाटेने बाहेर पडतेय. तसं मी लिहिलंसुद्धा."

मला एकदम इतकं हलकं वाटलं की रडूच आलं. प्रश्नच चुकला होता! वर्षभर एका घरात राहून, एका भांड्यातलं खाऊन, नियम पाळायचा म्हणून मी त्यांना साधं विचारलं नव्हतं की आई, तुम्ही नेमकं काय म्हणायचात. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण आता सगळं जागेवर येणार होतं. सिद्धांत वाचला, सासूबाई वाचल्या, मीही वाचले.

"उद्या कळव तुमच्या चाळणीला," त्या म्हणाल्या. टोपणनाव त्यांनाही माहीत होतं. "म्हणावं, पुन्हा करा."

चाळणींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे नाचता येईना, अंगण वाकडं."

"सर, शब्दच वेगळा होता!"

"असेल ना. पण आपण काय तपासलं? छापलं होतं ते. छापलेलं पडलं. आता त्या म्हणतात, छापलं ते नव्हतंच, मनात दुसरं होतं. ते दुसरं कदाचित खरंही असेल. पण मग तो नवा सिद्धांत झाला, आणि त्याने पुन्हा रांगेत उभं राहायचं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "शिवाय त्यांची ती दुसरी निम्मी माणसं एकटी बसली होती. मग गुण शब्दाचा, की शेजारी कोणीतरी बसलं त्याचा, की नुसती बोलाफुलाला गाठ पडली? तुम्हाला माहीत आहे? मला नाही माहीत."

मलाही माहीत नव्हतं. मला फक्त, जे हवं होतं तेच खरं निघायला हवं होतं, आणि आमच्या धंद्यात यालाच रोग म्हणतात.

ठरलं असं, की दोन गट घ्यायचे. एकाला काळजी विचारायची, दुसऱ्याशी नुसत्या गप्पा. भीती आता कोणालाच विचारायची नाही, ते पुरेसं कळलं होतं. काय निघेल असं वाटतं ते आधीच लिहून जाहीर करायचं, म्हणजे नंतर कोणी 'मी तेच म्हणत होते' म्हणायला नको. पुरेशी माणसं मिळायला वर्ष तरी जाणार होतं.

"आणि तोवर हॉस्पिटलात?"

"आपण निकाल पाठवू. पण मला सांगा, तिथली माणसं आपलं ऐकतील की बाईंचं? बाईंनी थांबवा म्हटलं तर एका दिवसात थांबेल. नाहीतर कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत बसेल."

घरी येऊन मी हे सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "सांगू की. पण आत्ताच नको. नवा निकाल येऊ दे. मग एकदाच जाऊन सांगू, भीती काढा आणि काळजी घाला. एक शब्द तर बदलायचा. आज बंद करा म्हणायचं आणि वर्षाने पुन्हा चालू करा म्हणायचं, लोक हसतील आपल्याला."

बोलणं तसं पटण्यासारखं होतं. त्याचाच तर त्रास होता. मी मान डोलावली आणि त्या दिवसापासून माझी झोप गेली.

सकाळी चहा गाळताना मला वाटे, आता विचारत असतील. भाजी चिरताना वाटे, आता कोणीतरी खाटेवर बसलेला असेल आणि त्याच्यापुढे ते कार्ड धरलं असेल. नाडी थोडीच वाढते, मी स्वतःला समजावी, त्याने कोणी मरत नाही. पण थोडीच म्हणजे किती, आणि कोणाची? सगळ्यांची सरासरी काढली की थोडी होते. कोणाची काहीच वाढत नसेल, आणि कोणाची भलतीच. अंगणातल्या दोरीवर मी एकच टॉवेल दोनदा वाळत घातला. नवरा म्हणाला, "सांग ना तिला, बंद कर म्हणून."

"तू सांग."

"माझी आई आहे ती."

"म्हणूनच तू सांग."

"म्हणूनच तर नाही सांगू शकत," तो म्हणाला, आणि ऑफिसला पळाला. याची धाव तेवढीच.

शेवटी एके दिवशी न्याहारीच्या वेळी माझ्या तोंडून निघूनच गेलं. "मी हॉस्पिटलात चाललेय, नव्या प्रयोगासाठी वॉर्ड बघायला. तुम्ही येता?"

त्या सभागृहात जात, वॉर्डात जाऊन मात्र वर्षं झाली होती. त्या ठेवणीतले कपडे घालून तयार झाल्या. गाडीत त्यांनी नव्या प्रयोगाबद्दल भरभरून विचारलं. मी हो-नाही करत राहिले. आपण यांना कशासाठी नेतोय हे मला नीट माहीत होतं, आणि म्हातारीला फसवून नेल्यासारखं वाटत होतं.

वॉर्डातली नर्स अगदी नवी होती. सासूबाईंना बघून तिने कार्ड दोन्ही हातांत धरलं. "मॅडम, तुमच्यासमोर विचारायचं म्हणजे…"

"विचार गं. मी इथे उभी राहते."

खाटेवर बसचा ड्रायव्हर होता, हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आलेला. बोटाला चिमटा, शेजारी आकडा दाखवणारं यंत्र. तो मजेत होता. "बाई, हा झगा पाठीमागून उघडा आहे," तो म्हणाला. "माझ्या बसचं मागचं दार याच्यापेक्षा बरं लागतं." शेजारच्या खाटेवरचे आजोबा हसले.

नर्सने प्रश्न वाचला. "तुम्हाला कशाची भीती वाटते? मनात असेल ते मोकळेपणी सांगा."

"छे, भीती कसली?"

कार्डावर लिहिलं होतं की यानंतर थांबायचं. नर्स थांबली. मान किंचित कलती करून, शिकवलं होतं तशी, अगदी मायेने थांबली. ड्रायव्हरने तिच्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं.

"का हो? काही झालंय का?"

"नाही नाही. वाटत असेल तर सांगा."

"डॉक्टर काही बोलले का? काल तर म्हणाले साधं ऑपरेशन आहे. साधंच आहे ना?"

"साधंच आहे."

"मग भीती कशाला विचारताय? या आजोबांना विचारली का, का मलाच?" तो उठून बसला. यंत्रावरचा आकडा चढत होता, मी त्याच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते. "आणि या दोघी कोण? मोठ्या डॉक्टर आहेत का? काय लपवताय? माझ्या बायकोला आत बोलवा आधी."

नर्सला रडू फुटायच्या बेतात होतं. सासूबाई पुढे झाल्या. त्यांनी स्टूल ओढलं आणि खाटेच्या बाजूला, त्याच्या तोंडासमोर न येता बसल्या.

"सगळ्यांनाच विचारतात," त्या म्हणाल्या. "तो प्रश्न माझा आहे. वाईट प्रश्न आहे. सोडा तो." मग थोड्या वेळाने, समोरच्या भिंतीकडे बघत, "घरची कशाची काळजी लागलीय?"

त्याने झगा सावरून घेतला. मग म्हणाला, "काळजी म्हणजे… धाकटा सायकल शिकतोय. मी मागून धरतो. आता जोर लावायचा नाही म्हणे, मग त्याला धरणार कोण? बायको धरते, पण ती लवकर सोडते. पोरगं पडतं, आणि मग ती म्हणते, मीच शिकले तशी."

"तुम्ही कधी सोडता?"

"मी सोडतच नाही," तो म्हणाला आणि हसला. "तेही वाईटच म्हणा."

मग सायकलीची उंची, पोराचे गुडघे, समोरच्या गल्लीतला उतार असं बरंच काही निघालं. आकडा खाली आला. व्हीलचेअर आली आणि तो झगा पाठीमागून धरून आत गेला.

बाहेर बोळात येताच सासूबाईंनी माझं मनगट घट्ट पकडलं. त्यांचे डोळे चमकत होते. इतक्या आनंदात मी त्यांना माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

"बघितलंस? आकडा बघितलास? हेच गं! हेच मी तेव्हा रोज बघत होते!"

मी बघितलं होतं. मला तर त्यांच्यापेक्षा जास्त आनंद झाला होता, तिथेच फुगडी घालावी इतका. आणि तरी माझं तोंड माझ्या धंद्याचं निघालं.

"आई, तो एक माणूस आहे."

"अगं, डोळ्यांनी बघितलंस ना?"

"बघितलं. पण तुम्ही शेजारी बसलात. सगळ्यांना विचारतात म्हणून सांगितलंत. कदाचित तेवढ्यानेच तो सावरला असेल. नाहीतर तसाही सावरला असता, चढलेला आकडा कधीतरी उतरतोच. शब्दाने झालं की कशाने, हे आपल्याला माहीत नाही."

त्यांनी माझं मनगट सोडलं. संपलं, मला वाटलं. आता ही बाई जन्मात माझ्याशी धड बोलणार नाही, आणि तिचं काही चुकणारही नाही. त्या चालत जाऊन बाकावर बसल्या. मी उभीच राहिले. बसू की नको ते कळेना.

"आणि चढला त्याचं काय?" त्या अखेर तडकून म्हणाल्या. "माझ्या शब्दाने उतरला तर तो एकच माणूस. मग भीतीने चढला तोही एकच माणूस. तिथे बरं तुझं तोंड बंद!"

"तो एक नाही, आई," मी म्हटलं. "भीतीने चढतो ते आम्ही शेकड्यांनी मोजलंय."

समोरून दुसरी नर्स कार्ड घेऊन पुढच्या वॉर्डात गेली. सासूबाई ती दिसेनाशी होईपर्यंत तिच्याकडे बघत होत्या.

"इथे खरंच सगळ्यांना विचारतात?"

"सगळ्यांना."

घरी गेल्यावर त्यांनी हॉस्पिटलाला फोन केला आणि सांगितलं, सगळ्या नर्सना उद्या एकत्र बोलवा, मला बोलायचंय.

सभागृह भरलं होतं. त्यांना वाटलं, नेहमीसारखं भाषण आहे. पुढच्या रांगेत तर कोणी फुलंही आणली होती. मी मागे दाराजवळ बसले. गरज पडली तर पळता यावं म्हणून, दुसरं काय.

सासूबाई उभ्या राहिल्या आणि कसलीही प्रस्तावना न करता म्हणाल्या, "मी तुम्हाला शिकवलं ते चुकीचं निघालंय. माझ्या सुनेच्या विभागाने तपासलं. भीती विचारली की माणूस शांत होत नाही, उलट घाबरतो. तुम्ही नीट विचारत होता, तुमचं काही चुकलं नाही. प्रश्न माझा होता. आजपासून तो बंद करा आणि भिंतीवरचं पोस्टर काढा."

कुजबुज सुरू झाली. मला वाटलं कोणीतरी चिडेल, पण तसं कोणी चिडलं नाही. वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर उभ्या राहिल्या. वर्षानुवर्षं त्यांनीच ही योजना चालवली होती.

"मॅडम, बंद करू. पण उद्या सकाळी पेशंट आहेतच, त्यांना विचारायचं काय? काल तुम्ही त्या ड्रायव्हरला त्याची काळजी विचारलीत म्हणे. आमची मुलगी सांगत होती, लगेच शांत झाला. तसंच विचारायचं का आता?"

पेनांची टोपणं निघाली. अख्खं सभागृह लिहायला तयार झालं. एका 'हो'ची खोटी होती. संध्याकाळपर्यंत नवं कार्ड छापलं गेलं असतं, आठवड्यात नवं पोस्टर लागलं असतं, आणि बाईंचा सिद्धांत पडला असं कोणी म्हटलं नसतं. बाईंनी सुधारला, असंच म्हटलं असतं. सासूबाईंच्या ओठांवर तो शब्द आला होता, मला मागे बसूनही दिसत होता. आणि खरं सांगते, त्यांनी 'हो' म्हणावं असं मला वाटत होतं. मी हात जोडूनच बसले होते. म्हणा आई, म्हणून टाका.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे? तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं, हो." त्यांनी टेबलाची कड धरली. "पण मागच्या वेळीही मला वाटलंच होतं."

मोठ्या सिस्टर खाली बसल्या. कोणी काही लिहिलं नाही.